ट्रेकवर ओळख होते, मग मैत्री कधी होते?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आजचा प्रश्न साधा आहे. ओळखीचं कोणी नसताना ग्रुप ट्रेकला गेलं, तर मित्र मिळतात का? माझं उत्तर असं, की ओळख हमखास होते, पण मैत्री होईलच असं नाही. या दोन्हींच्या मध्ये नेमकं काय घडावं लागतं, ते आज बघू.

आधी माझी गोष्ट. मी अमरावतीचा, नोकरीसाठी पुण्यात आलो. दोन वर्षांपूर्वी एका रात्री मला सणकून ताप भरला. रूममेट गावाला गेलेला. फोनमध्ये सहाशेच्या वर नंबर होते. मी लिस्ट वरून खाली बघितली, खालून वर बघितली, आणि कोणालाच फोन केला नाही. रात्री अकरा वाजता बिनधास्त उठवावं, असं एकही नाव त्यात नव्हतं. ऑफिसमध्ये लोक चांगले आहेत हो! पण स्टँडअप मीटिंगमध्ये रोज भेटणाऱ्या माणसाला 'मला दवाखान्यात घेऊन चल' म्हणवत नाही. शेवटी रिक्षा करून एकटाच गेलो. ताप उतरला, पण ती लिस्ट काही डोक्यातून उतरली नाही.

त्या डिसेंबरात मी एका ग्रुपसोबत हरिश्चंद्रगडाला नाव नोंदवलं.

शनिवारी रात्री पुण्याहून बस निघाली. आळेफाटा, ओतूर, खुबी फाटा करत पहाटे तीनच्या सुमारास खिरेश्वरला पोचलो. बसमध्ये इंट्रो राऊंड झाला. नाव, गाव, काय करता, कितवा ट्रेक. पंचवीस जणांची नावं ऐकली आणि चहा पिईपर्यंत विसरलो. तुमचंही असंच होत असेल, तर काळजी करू नका. मैत्रीची सुरुवात इंट्रो राऊंडमध्ये होतच नाही.

ती होते पायवाटेवर. कशी, ते सांगतो.

पायवाटेवर शेजारी शेजारी चालायला जागा नसते, एकामागे एक चालावं लागतं. तासाभरात ज्याचा वेग तुमच्यासारखा, तोच तुमच्या पुढे किंवा मागे उरतो. माझ्यापुढे पिंपरीत राहणारा, बँकेत काम करणारा एक दादा होता. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. अंधारात मला फक्त त्याची बॅग आणि टॉर्चचा उजेड दिसत होता. पण गंमत बघा, समोरच्याचा चेहरा दिसत नसला की बोलायला सोपं जातं. हॉटेलात समोरासमोर बसलं की गप्प बसणं विचित्र वाटतं. चढावर मात्र दम लागलेला असतो, त्यामुळे दहा मिनिटं कोणी बोललं नाही तरी चालतं. मग मध्येच कोणीतरी एक वाक्य टाकतं. तोलार खिंडीपर्यंत मला कळलं होतं, की दादाला गणिताचा शिक्षक व्हायचं होतं. त्याला कळलं होतं, की मला पुण्यात करमत नाही. मी हे घरीही कधी बोललो नव्हतो.

दुसरी गोष्ट म्हणजे एकत्र सोसलेला त्रास. खिंडीनंतर रेलिंग लावलेला कातळाचा टप्पा आहे. तो चढून वर आलं की वाटतं, झालं! आणि मग एकामागून एक टेकड्या सुरू होतात. सात आहेत म्हणतात, मला सतरा वाटल्या. वर मंदिराजवळच केदारेश्वराची गुहा आहे. आत मोठं शिवलिंग, भोवती पाणी. डिसेंबरातलं ते पाणी म्हणजे हाडं गोठतात. आम्ही पाच-सहा जण हात धरून उतरलो, ओरडत ओरडत एक प्रदक्षिणा घातली आणि कुडकुडत बाहेर आलो. त्यानंतर त्या पाच-सहा जणांत 'अहो-जाहो' उरलंच नाही.

यावर एक प्रयोग झालाय. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ ब्रॉक बास्तियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांचे छोटे गट केले. काही गटांना बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावला, बाकीच्यांना साध्या पाण्यात. नंतर ज्यांनी एकत्र त्रास सोसला होता, त्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली, आणि पैशांच्या एका खेळात त्यांनी एकमेकांना जास्त साथ दिली. हे वाचलं तेव्हा मला केदारेश्वरच आठवला.

तिसरी गोष्ट मदतीची, आणि इथे आपण पोरं चुकतो. उतरताना माझा उजवा गुडघा बोलायला लागला. मी काय केलं? 'ऑल गुड' म्हणत लंगडत राहिलो. हडपसरला राहणाऱ्या एका मुलीच्या ते लक्षात आलं. तिचा तो दहावा-बारावा ट्रेक होता. तिने तिची काठी दिली आणि सांगितलं, "सरळ उतरू नकोस, थोडं तिरकं उतर. गुडघा किंचित वाकवलेला ठेव आणि पावलं छोटी टाक." दादा माझी बॅग घेऊन मागे थांबला. मला फार लाज वाटली. पण नंतर समजलं, की आमची मैत्री तिथेच सुरू झाली. मी सगळं एकट्याने निभावलं असतं, तर त्या दोघांना माझ्यासाठी थांबायचं काही कारणच नव्हतं.

आता खरी अडचण. रात्री पुण्यात उतरलो. 'यार, परत जाऊ', मिठ्या, सेल्फी. सोमवारी व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशे फोटो. मंगळवारी दोन मीम. बुधवारी ग्रुप शांत. तुमच्या फोनमध्येही असे तीन-चार मेलेले ग्रुप असतील, बरोबर ना?

असं का होतं? अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये याच विषयावर अभ्यास मांडला. नुकतेच नव्या गावात राहायला आलेले लोक आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं, यांना त्यांनी नव्या ओळखींबद्दल विचारलं. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, पक्का मित्र म्हणायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. शिवाय एकत्र काम करण्यात गेलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, टवाळक्या, एकत्र जेवण यात गेलेले तास उपयोगी पडतात. माझ्या स्टँडअप मीटिंगचं कोडं इथे सुटलं.

आता हिशोब करू. आमचा ट्रेक शनिवारी रात्री अकरा ते रविवारी रात्री दहा. बसमधली झोप वजा केली तर उरले अठरा-एकोणीस तास. एका दिवसासाठी हे प्रचंड आहेत. शहरात महिन्यातून एकदा दोन तास भेटलात, तर एवढं जमायला नऊ महिने लागतील. पण तरीही ते पन्नास नाहीत. म्हणजे ट्रेक तुम्हाला वाटेच्या साधारण एक तृतीयांशावर आणून सोडतो. पुढचं आपलं आपण चालायचं, आणि बहुतेक जण इथेच थांबतात.

मीही थांबलो होतो. तीन आठवडे रोज वाटायचं, दादाला मेसेज करावा. पण उगाच त्रास कशाला, म्हणून टाळायचो. शेवटी टाइप केलं, 'दादा, रविवारी सकाळी सिंहगड? सहा वाजता पायथ्याला. ती काठीवाली पण येतेय.' (ती येतेय की नाही, हे मी तिला नंतर विचारलं!) दोघंही आले. वर कांदाभजी आणि मडक्यातलं दही खाल्लं. त्यात पाच तास जमा झाले.

म्हणून माझा अनुभव सांगतो. दर वेळी नवा ग्रुप शोधू नका, त्याच ग्रुपसोबत दुसऱ्यांदा जा. 'भेटू कधीतरी' असं न म्हणता दिवस, वेळ आणि जागा सांगा. एकदा तरी मुद्दाम मागे राहणाऱ्यांसोबत चाला, सगळ्यात छान गप्पा तिथेच होतात. कानात हेडफोन नको, त्या दिवशी आमचा पॉडकास्टसुद्धा नको. आणि पोरांनो, हे नीट ऐका. ट्रेकच्या ग्रुपमध्ये एखाद्या मुलीचा नंबर दिसतोय, म्हणून तिला वेगळा मेसेज टाकायची परवानगी मिळालेली नसते. बोलायचं तर ग्रुपवर बोला. समोरून उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर समजा.

शेवटची गोष्ट, मग थांबतो. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला फोन वाजला. दादा होता. "अरे, बाबांना ॲडमिट करावं लागतंय. मी आत थांबलोय, तू औषधं घेऊन येशील का?" बाबा आता बरे आहेत. पण खरं सांगू? पावसात बाईक काढताना मला वाईटाच्या जोडीला थोडं बरंही वाटत होतं. कारण त्या रात्री कोणीतरी आपली कॉन्टॅक्ट लिस्ट वरून खाली बघितली होती, आणि ते माझ्या नावावर येऊन थांबले होते.

तुमच्या फोनमधला एखादा झोपलेला ट्रेक ग्रुप आज उघडा. त्यातल्या एकाला रविवारचं विचारा. कुठे जाताय, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!