दुधाची बाटली आणि कायदा

बिस्फेनॉल-ए अर्थात बीपीए हे रसायन नवे नाही. ते स्त्री-संप्रेरकासारखे कार्य करते, हे लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी १९३० च्या दशकातच दाखवून दिले होते. तरीही पुढे त्यापासून पॉलिकार्बोनेट हे काचेसारखे पारदर्शक, पण न फुटणारे प्लॅस्टिक निघाले आणि तान्ह्यांच्या बाटल्या त्याच्याच होऊ लागल्या.

या प्लॅस्टिकमध्ये बीपीएचे रेणू साखळीसारखे गुंफलेले असतात. उकळते पाणी, गरम दूध यांमुळे काही कड्या सुटून दुधात उतरतात. म्हणजे जी माता स्वच्छतेसाठी बाटली नित्य उकळते, तिच्याच बाळाला धोका अधिक! मोठ्यांचे यकृत हे रसायन निष्प्रभ करून लघवीवाटे बाहेर टाकते. तान्ह्यात ती क्षमता अपुरी असते. शिवाय वजन चार-पाच किलोंचे, आणि सारा आहार त्या एकाच बाटलीतून.

बंदीचे पहिले पाऊल कॅनडाने उचलले. २००८ साली घोषणा झाली, २०१० साली बंदी आली. २०११ मध्ये युरोपीय संघाने तेच केले. अमेरिकेची कथा मात्र आम्हाला अधिक बोधक वाटते. तेथे २०१२ साली ही परवानगी काढली गेली ती उद्योगाच्याच विनंतीवरून, आणि कारण दिले गेले 'वापर थांबला आहे' असे. 'अपायकारक आहे' असे नव्हे. जागरूक पालकांनी पाठ फिरवली, बाजार रिता झाला, मग नियम आला. परंतु महागडी बाटली निवडणे ज्यांच्या खिशाला परवडत नाही, त्यांच्या मुलांचे रक्षण बाजार करीत नाही. तेथे कायदाच लागतो. भारतात मानक ब्यूरोने २०१५ च्या मानकात दूध पाजण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांत बीपीए वर्ज्य ठरवले.

'सुरक्षित मर्यादा' हीही स्थिर नसते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली बीपीएची दैनिक मर्यादा तब्बल वीस हजार पटींनी खाली आणली. 'बीपीए-मुक्त' या छापाने निश्चिंत होऊ नये. काही उत्पादनांत त्याच्या जागी बिस्फेनॉल-एस हे त्याचेच भावंड आले आहे.

बाटलीच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. वरचे दूध द्यावेच लागले, तर स्टीलची वाटी आणि चमचा पुरतो. घरात जुनी, चरे पडलेली बाटली असेल आणि तिच्या तळाशी त्रिकोणात ७ हा आकडा असेल, तर ती धाकट्या भावंडासाठी राखून ठेवू नये.