गेम कंपनीत इंटर्न म्हणजे दिवसभर गेम खेळायचे?

बीटेकला असताना मी एका मोबाइल गेम कंपनीत इंटर्न होतो. आईला वाटायचं, पोरगा दिवसभर गेम खेळतो. खेळायचो की! पण एकच लेव्हल, शंभरदा, बग सापडेपर्यंत.

स्वस्त फोनवर गोळीबार सुरू झाला की आमचा गेम अडकायचा. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात. आमचा कोड प्रत्येक गोळी नवी बनवून फेकून द्यायचा. तो कचरा साफ करायला युनिटी मध्येच थांबायचं. उपाय? गोळ्या आधीच बनवून ठेवायच्या, त्याच परत वापरायच्या. ह्यालाच ऑब्जेक्ट पूलिंग म्हणतात.

माझ्या भारी फोनवर हे दिसलंच नव्हतं. म्हणून सांगतो, इंटर्नशिपला अर्ज करण्याआधी तुमचा गेम घरातल्या जुन्या फोनवर चालवून बघा.