मोकळ्या श्वासासाठी विजेची झिणझिण

बायपास शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली की संकट टळले, असे घरच्यांना वाटते. रुग्णाची कसोटी मात्र पुढच्याच दिवसापासून लागते. फिजिओथेरपिस्ट येऊन दीर्घ श्वास घ्यायला आणि खोकून कफ काढायला सांगतात, आणि नेमके तेच होत नाही.

याचे कारण शस्त्रक्रियेच्या रीतीत आहे. हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी छातीच्या मध्यभागी असलेले उरोस्थी हे हाड बहुधा उभे कापावे लागते व नंतर पोलादी तारांनी जोडले जाते. हाताचे मोडलेले हाड प्लास्टरमध्ये स्थिर ठेवता येते. हे हाड प्रत्येक श्वासाबरोबर हलते. त्यात निचऱ्याच्या नळ्या बरगड्यांपाशी टोचत असतात. मग रुग्ण नकळत उथळ श्वास घेतो आणि खोकला दाबतो. फुप्फुसांचा तळाकडील भाग मिटून राहतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

आपल्या घरांत याला आणखी एक पदर आहे. परिषह समभावाने सोसावा, त्यातून निर्जरा होते, या संस्कारात वाढलेले वडीलधारे दुखणे बोलून दाखवत नाहीत. त्यांच्या धैर्याविषयी आदरच आहे. परंतु ‘काही दुखत नाही’ म्हणणारे दादाजी खोकायलाही तयार नसतील, तर तसे डॉक्टरांना अवश्य सांगावे. येथे वेदनाशमन ही चैन नसून श्वासासाठीची तजवीज आहे. अफूवर्गीय वेदनाशामके प्रभावी असली तरी गुंगी व बद्धकोष्ठता आणतात, आणि मात्रा वाढल्यास श्वासच मंदावतो. म्हणून त्यांना जोड देणारे उपाय शोधले गेले. टेन्स हा त्यांपैकी एक.

टेन्स म्हणजे तळहातावर मावणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र. त्याच्या चिकट पट्ट्या जखमेवर नव्हे, तर तिच्या दोन्ही बाजूंच्या निरोगी त्वचेवर लावतात. सेकंदाला साधारण 80 ते 100 सूक्ष्म स्पंदने सोडतात आणि ठळक पण सुखद झिणझिण जाणवेपर्यंत प्रवाह वाढवतात. कोपर आपटले की आपण ते चोळतो, तेच तत्त्व येथे आहे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांतानुसार, स्पर्शाचे संदेश नेणारे जाड मज्जातंतू उत्तेजित झाले की मज्जारज्जूतील जणू एक दार वेदनेच्या संदेशांसाठी अर्धवट लोटले जाते. (विजेने वेदना शमवण्याची कल्पना मात्र फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर जिवंत विद्युत-मासा लावण्यास सांगत असे. आजच्या यंत्राला कोणत्याही जिवाला त्रास द्यावा लागत नाही, ही आपल्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.)

हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत टेन्सने वेदना कमी होत असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. श्वासक्षमतेतील सुधारणा काहींत दिसली, सर्वांत सारखी नाही. माझ्या मते त्यामुळे उपाय कमी ठरत नाही. तो केव्हा वापरायचा, ते मात्र कळते. यंत्र बंद केल्यावर परिणाम लवकर ओसरतो. म्हणून ते चालू असतानाच दीर्घ श्वासाचे व्यायाम, तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरचा सराव आणि उशी छातीशी घट्ट धरून खोकणे उरकून घ्यावे. नुसते पडून झिणझिण अनुभवण्यात फारसा लाभ नाही.

पेसमेकर असलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांच्या अनुमतीशिवाय यंत्राला हात लावू नये. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस हृदयाला तात्पुरत्या तारा जोडलेल्या असतात, तेव्हाही निर्णय त्यांचाच. ईसीजीच्या पडद्यावर यंत्रामुळे गडबड दिसू शकते, म्हणून परिचारिकेला आधी कल्पना द्यावी. पोट कमी करण्याच्या नावाखाली विकले जाणारे विजेचे पट्टे म्हणजे टेन्स नव्हे.

घरी आल्यावर दुखणे कमी झाले म्हणून हाड जुळले असे होत नाही; त्याला साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर दुकानाचे शटर ओढणे, गोणी उचलणे, वंदनानंतर जमिनीवर हात रेटून उठणे वर्ज्य. चौविहाराचा नियम असल्यास तो डॉक्टरांना शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावा, म्हणजे गोळ्यांच्या वेळा शक्य तेथे सूर्यास्तापूर्वी बसवता येतात का, हे ते पाहू शकतील. टेन्सच्या भरवशावर ठरलेली गोळी मात्र परस्पर बंद करू नये.