हरवलेले ज्येष्ठ नागरिक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्येष्ठ व्यक्ती घरातून बेपत्ता झाली तर पोलीस चोवीस तासांनंतरच तक्रार घेतात, हा समज पालघर-बोईसरमध्येही इतर ठिकाणांइतकाच पक्का आहे. अशी अट कोणत्याही कायद्यात नाही. गोंधळ बहुधा नोंदीच्या प्रकारामुळे होतो. १८ वर्षांखालील मूल हरवले तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार गुन्हा दाखल होतो. प्रौढ व्यक्तीची नोंद ‘मिसिंग’ म्हणून होते. ही नोंद लगेच करता येते, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाबाबत ती लगेचच करायला हवी. ऊन, तहान आणि चुकलेली गोळी एक दिवस थांबत नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे.

मोबाईलवर मोठा आवाज करून येणारा सरकारी संदेश अशा वेळीही येईल, ही दुसरी समजूत. २०२३ मध्ये असे चाचणी-संदेश अनेकांच्या फोनवर आले होते. ती यंत्रणा राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची असून पूर, वादळ, वीज अशा संकटांसाठी आहे. हरवलेल्या ज्येष्ठांसाठी देशव्यापी इशारा-यंत्रणा भारतात नाही. ती अशक्य मात्र नाही: दक्षिण कोरियात २०२१ पासून हरवलेली मुले व स्मृतिभ्रंशाचे रुग्ण यांचे वर्णन त्या भागातल्या फोनवर पाठवले जाते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ‘सिल्व्हर अलर्ट’ आहे. तिथे महामार्गावरच्या फलकांवर गाडीचा क्रमांक झळकतो, कारण वृद्ध माणूस अनेकदा स्वतः गाडी चालवत निघालेला असतो. बोईसरचे आजोबा बहुधा पायी, रिक्षाने नाहीतर लोकलने जातात. त्यामुळे इथे स्टेशनवरची उद्घोषणा, रिक्षा स्टँड आणि औद्योगिक वसाहतीतले कंपन्यांचे सुरक्षारक्षक यांना वेळेवर मिळालेला फोटो जास्त उपयोगाचा.

एका ठाण्यात मिसिंग दिली की सगळीकडे शोध सुरू होतो, हेही खरे नाही. बोईसर आणि पालघर ही शहरे पालघर जिल्हा पोलिसांकडे आहेत, तर वसई-विरार २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे. फलाट आणि गाड्या लोहमार्ग पोलिसांच्या हद्दीत येतात. उत्तरेला थोड्याच अंतरावर गुजरात सुरू होते. डहाणू रोडपर्यंत २०१३ मध्ये लोकल आल्यापासून एकाच गाडीत बसलेला माणूस तासाभरात एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जातो. पोलिसांच्या संगणकावर नोंद असली तरी शोध घेणाऱ्याच्या हातात फोटो पोहोचायला वेळ लागतो. म्हणून ठाण्यात नोंद करतानाच घरातल्या दुसऱ्या कोणीतरी लोहमार्ग पोलिसांना आणि रेल्वेच्या १३९ क्रमांकावर कळवणे आवश्यक असते. तातडीसाठी क्रमांक ११२. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ सल्ला देते आणि बेघर वृद्धांना मदत करते, पण ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते. रात्री तिच्यावर विसंबू नये.

‘घरच्यांना कंटाळून गेले’ हा शेरा सर्वांत अन्यायकारक. भरकटणे हे आजाराचेच लक्षण आहे. रुग्ण अनेकदा जुन्या सवयीच्या वाटेने निघतो: निवृत्त कामगार पाळी गाठायला कंपनीकडे, कोणी पूर्वीच्या चाळीकडे, कोणी गावी जाणाऱ्या गाडीकडे. त्यामुळे तक्रारीत ताजा फोटो, अंगावरचे कपडे, खुणा आणि औषधे यांच्याबरोबर जुने पत्ते, कामाचे ठिकाण आणि ती व्यक्ती कोणती भाषा बोलते हेही लिहावे. वारली, गुजराती वा भोजपुरीच बोलणाऱ्याला मराठी-हिंदीत नाव विचारले तर उत्तर न येण्याची शक्यता असते. घराजवळची शेते, खाजणे, खाडीकाठ आणि बंद गाळे आधी पाहावेत. पुष्कळ जण फार लांब गेलेले नसतात.

व्हॉट्सॲपवर संदेश फिरवणे तक्रारीला पर्याय नाही. त्यात तारीख, शेवटचे ठिकाण आणि पोलीस ठाण्याचा क्रमांक नसेल तर तो महिनोन्महिने फिरत राहतो आणि पुढच्या खऱ्या संदेशावरचा विश्वास कमी करतो. क्यूआर कोड असलेले लॉकेट उपयोगी पडते, मात्र ते अंगावर असायला हवे आणि भेटणाऱ्याला त्याचा अर्थ कळायला हवा. कपड्यावर शिवलेला फोन क्रमांक कोणालाही वाचता येतो. व्यक्ती सापडल्यावर ठाण्यात कळवून नोंद बंद करावी, जिथे जिथे फोटो पाठवला तिथे तसे लिहावे आणि अंगातले पाणी कमी झाले आहे का, कुठे मार लागला आहे का, हे डॉक्टरांकडून त्याच दिवशी तपासून घ्यावे.