तापातली आकडी

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी दोन ते पाच जणांना तापात आकडी येते. डोळे फिरतात, दातखीळ बसते, हातपाय झटके देऊ लागतात. मूल हातचे गेले, असेच आईबापांना वाटते. मग कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी दातांत चमचा घालतो. यातला चमचा सर्वांत घातक. दात तुटून तुकडा श्वासनलिकेत अडकू शकतो. मुलाला कुशीवर वळवावे, लाळ वाहू द्यावी आणि घड्याळ पाहावे. बहुतेक आकड्या काही मिनिटांत आपोआप थांबतात, मेंदूला इजा करत नाहीत. साधारण तिघांतल्या एका मुलाला ती पुन्हा येते. पॅरासिटामॉलने मुलाला बरे वाटते, पण आकडी टळेलच असे नाही. तेव्हा आईला बोल लावणे अन्यायाचे आहे.

रायगड जिल्ह्यात पेण आणि रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. पण डोंगरातल्या आदिवासी वाडीवरून रस्त्यावर यायलाच वेळ जातो. म्हणून आकडी पाच मिनिटांवर गेली, मान ताठ झाली किंवा मूल शुद्धीवर येईना, तर थांबू नये, लगेच 108 ला फोन करावा. पहिली आकडी थांबली तरी मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.