कोंबडीच्या दाण्यांतील हळद

वैशाखांतील भर दुपारीं अकोल्याकडील किंवा चंद्रपुराकडील एखाद्या कोंबडीखान्यांत डोकावून पाहिलें, तर तेथें एक विलक्षण शांतता आढळते. सकाळपासून कलकलाट करणाऱ्या शेंकडों कोंबड्या चोंची उघड्या टाकून, पंख अंगापासून दूर धरून, जागच्या जागीं उभ्या असतात आणि त्यांचे गळे लोहाराच्या भात्याप्रमाणें हालत असतात. त्याच दिवसांत शहरांतील गृहिणीच्या हातीं पातळ कवचाचें अंडें येतें, व बोट लागतांच तें फुटलें म्हणजे ती दुकानदाराला दोष देते. दुकानदार बहुधा निरपराधी असतो. त्या अंड्याचा इतिहास त्या उघड्या चोंचीपासून सुरू होतो.

कोंबडीला घाम येत नाहीं. तिच्या शरीराचें उष्णमान मुळांतच ४१ ते ४२ अंश सेंटिग्रेड, म्हणजे माणसाला ज्यास कडक ताप म्हणावें तेवढें असतें. बाहेरची हवा त्याच सुमारास जाऊन पोहोंचली, कीं अंगांतील उष्णता टाकून देण्यास तिला धापेवांचून दुसरा मार्ग फारसा उरत नाहीं. धापेबरोबर ओलावा जातो, तसाच कार्बन डायॉक्साइड वायुहि प्रमाणाबाहेर निघून जातो. रक्ताची अम्लता घटते, आणि कवच घडण्यास जें साहित्य रक्तांतून मिळावयाचें तें अपुरें पडतें.

याहूनहि वाईट गोष्ट दृष्टीआड घडत असते. अंग थंड व्हावें म्हणून रक्त कातडीकडे व तुऱ्याकडे धांव घेतें, आणि आंतड्यांच्या वांट्यास तें कमी येतें. आंतड्याचें अस्तर एरवीं घट्ट विणलेल्या वस्त्रासारखें असतें. रक्त तुटल्यावर त्याची वीण सैल होते. मग आंतड्यांतील जंतूंचें विष त्या फटींतून रक्तांत शिरतें व सर्व शरीर त्याच्याशीं झगडूं लागतें. या झगड्यालाच दाह म्हणतात. दाहांत खर्ची पडणारा दाणा अंड्याच्या किंवा मांसाच्या उपयोगीं पडत नाहीं, हें निराळें सांगावयास नको.

ताण हा नुसता मनाचा खेळ नव्हे, हें हान्स सेल्ये यानें १९३६ सालीं माँट्रिऑल येथें उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें. थंडी, इजा, विषारी द्रव्य, कारण कोणतेंहि असो, शरीरांत तेच तेच फेरफार होतात असें त्याला आढळलें. कोंबडीचेंहि असेंच आहे. ताण पडला, कीं तिच्या मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथींतून कॉर्टिकोस्टेरॉन नांवाचा स्राव अधिक सुटतो, आणि तो फार काळ सुटत राहिला तर रोगप्रतिकाराचीं इंद्रियें सुकूं लागतात. तोंडानें न बोलणाऱ्या पक्ष्याचें हें दुःख मोजावयाचें कसें? १९८३ सालीं ग्रॉस व सीगल यांनीं त्यास एक माप दिलें. रक्तांतील दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचें परस्पर प्रमाण ताणानें बदलतें, व तें सूक्ष्मदर्शकाखालीं मोजतां येतें.

व्यापारी कुक्कुटपालनानें बरींच वर्षें एक सोपा मार्ग धरला होता. १९४९-५० च्या सुमारास अमेरिकेंत ज्यूक्स व स्टोकस्टॅड यांना असें दिसून आलें, कीं ऑरिओमायसिन तयार करतांना उरणारा चोथा पिलांच्या खाद्यांत मिसळला तर पिलें भराभर वाढतात. तेव्हांपासून प्रतिजैविक औषधें अल्प प्रमाणांत रोजच्या दाण्यांत पडूं लागलीं. परंतु अल्प औषधाच्या सहवासांत जंतु मरण्याऐवजीं निगरगट्ट होतात, आणि तेंच औषध पुढें मनुष्याच्या रोगशय्येपाशीं निरुपयोगी ठरण्याचें भय उत्पन्न होतें. स्वीडननें १९८६ सालीं आणि युरोपीय संघानें १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीं अशीं औषधें देणें बंद केलें. हिंदुस्थानांत २०१९ सालीं कोलिस्टिन या अखेरच्या उपायाच्या औषधाचा पशुपक्ष्यांवरील वापर बंद करण्यांत आला. तें काढल्यावर दाण्यांत काय घालावें, या प्रश्नानें संशोधकांना पुन्हां मसाल्याच्या डब्याकडे पाहावयास लाविलें.

त्या डब्यांत अग्रमान हळदीचा. तिच्यांतील पिवळें द्रव्य, कर्क्युमिन, १८१५ सालींच वेगळें काढण्यांत आलें होतें. तें करतें काय, हें मात्र पुष्कळ उशिरां उमगलें. पेशींमध्यें एक प्रथिन असें असतें, कीं धोक्याची सूचना मिळतांच तें पेशीकेंद्रांत शिरून दाह भडकविणारीं रसायनें तयार करण्याचा जणूं हुकूम सोडतें. त्याचें नांव एन्‌एफ्‌-कप्पा-बी. कर्क्युमिन या हुकुमाला आळा घालतें. आवळ्याची गोष्ट निराळी. मनुष्याला क जीवनसत्त्व अन्नांतूनच घ्यावें लागतें, पण कोंबडी तें आपल्या मूत्रपिंडांत स्वतः तयार करते. कडक उन्हांत मात्र तिची ही निर्मिति पुरी पडत नाहीं, आणि तेथें आवळ्याची भुकटी उपयोगीं पडते. अश्वगंधेच्या मुळ्या ताणासाठीं, व थायमॉल असलेला ओवा आंतड्यांतील जंतूंसाठीं दिला जातो.

मग गुण येतो का? येतो, परंतु नेहमीं नाहीं. किलोभर खाद्यास ५ ते १० ग्रॅम हळद घालून केलेल्या कांहीं प्रयोगांत पक्ष्यांचा ताण व दाह उतरलेला दिसला, कांहींत फरकच पडला नाहीं. यांत आश्चर्य नाहीं. कारण सगळी हळद सारखी नसते. एखाद्या हळदींत कर्क्युमिन दोनच टक्के, तर वर्धा जिल्ह्यांतील वायगांवच्या हळदींत तें सहा टक्क्यांच्या आसपास असतें. शिवाय कर्क्युमिन रक्तांत फार थोडें शोषलें जातें. मात्र जो दाह आंतड्याच्या अस्तरांतच पेटतो, त्याला रक्तापर्यंत न पोहोंचणारें औषधहि अगदींच वायां जात नसावें. 'वनस्पतिजन्य' हा शब्द पिशवीवर छापणें सोपें आहे. आंत गुणकारी द्रव्य किती, हें छापणारे थोडे. त्यांतून रंग खुलावा म्हणून हळदींत शिशाचा क्रोमेट मिसळण्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. अशी स्वस्त हळद कोंबडीच्या पोटांत गेली, तर शिसें अंड्याच्या बलकांत उतरून घरच्या मुलांच्या ताटांत येऊं शकतें.

आणखी एक अडचण पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. धापा टाकणारी कोंबडी दाणा खातच नाहीं, आणि न खाल्लेल्या दाण्यांतील हळद ही डब्यांतील हळदीइतकीच निरुपयोगी. म्हणून असलें द्रव्य ऊन तापण्यापूर्वीं कांहीं दिवस सुरू करावें लागतें. दाणा पहांटे व सूर्यास्तानंतर घालावा, आणि दुपारीं भांडें उचलून ठेवावें, कारण पचनानेंहि उष्णता वाढते. दुपारचें औषध म्हणजे थंड पाणी.

दोनशें कोंबड्या बाळगणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब असा: कोंबडीमागें रोज ११० ग्रॅम दाणा धरला तर २२ किलो होतो, किलोमागें ५ ग्रॅमप्रमाणें त्यास ११० ग्रॅम हळद लागते, आणि उन्हाळ्याच्या ९० दिवसांची बेरीज दहा किलोंच्या घरांत जाते. पत्र्यावर गवत पसरलेलें असेल, खिडक्यांना ओलें गोणपाट लाविलें असेल आणि पाण्याची टांकी सावलींत असेल, तर हे दहा किलो कांहीं काम करतील. पत्रा उघडा तापत असेल, तर त्यानें हळदीआधीं गवत विकत घ्यावें.