वनस्पतीचे नाव आणि वनस्पतीचे घर



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींना प्रथम वंदन करतो. मराठी भाषा व साहित्य शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने वनस्पतिशास्त्रावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या भाषेत वस्तूला 'पदार्थ' म्हणतात, म्हणजे पदाचा अर्थ. नाव आणि वस्तू यांचा संबंध हा भाषेच्या अभ्यासकाचा जितका विषय आहे, तितकाच तो वनस्पतींचे वर्गीकरण करणाऱ्या शास्त्रज्ञाचाही आहे. या दोघांच्या सामाईक बांधावर उभा राहून मी आज बोलणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : वनस्पतीची पुरी ओळख व्हायला तिचे लोकांतले नाव, तिचे शास्त्रीय नाव आणि तिचे घर ही तिन्ही माहीत असावी लागतात, आणि यांपैकी पहिली गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत हातची जात आहे.

आरंभ आपल्याच शहरापासून करू. सुरतेत कतारगाम दरवाजाजवळ जुनी डच दफनभूमी आहे. तेथील घुमटाची भव्य समाधी पाहून ती कोणा राजपुरुषाची असावी असे वाटते. ती हेन्ड्रिक व्हान रीड या डच अधिकाऱ्याची आहे. हा गृहस्थ पूर्वी मलबारात डच कंपनीचा प्रमुख होता. १६९१ च्या डिसेंबरात सुरतेकडे येत असता तो जहाजावरच वारला आणि त्याला येथे आणून पुरले. आज जगात त्याची ओळख उरली आहे ती त्याच्या हुद्द्यामुळे नव्हे, तर एका ग्रंथामुळे. 'होर्तुस मलबारिकुस', म्हणजे 'मलबारचे उद्यान', या नावाचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅम येथे छापला गेला. मलबारातील सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने व चित्रे त्यात आहेत.

हा ग्रंथ एकट्या रीडचा नव्हे. केरळातील इट्टी अच्युतन या वैद्याने आपल्या घराण्यातील ज्ञान त्यासाठी मोकळे केले. त्याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांनी लिहून दिलेली साक्ष पहिल्या खंडात कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत छापलेली आहे. हे वैद्य कोचीनचे रहिवासी. पण त्यांचा समाज मूळचा गोव्याकडचा, पोर्तुगिजांच्या अमदानीत घरदार सोडून दक्षिणेकडे गेलेला. म्हणजे पाहा, परमुलखात जाऊन वसलेल्या माणसांनी आपल्याबरोबर निघंटूंचे ज्ञान नेले, नव्या भूमीतील झाडे त्या ज्ञानाशी ताडून पाहिली आणि जगाच्या वनस्पतिशास्त्रात आपली भर घातली. खानदेशातून पोटासाठी सुरतेत आलेल्या आणि उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थिरावलेल्या आपल्या समाजाने ही गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी आहे. स्थलांतरिताच्या गाठोड्यात केवळ भांडीकुंडी नसतात, तर तेथे झाडापाल्याची नावेही असतात.

पुढे स्वीडनच्या कार्ल लिनीअसने रीडच्या ग्रंथातील वर्णनांचा भरपूर उपयोग केला. तोपर्यंत युरोपातील विद्वान एका वनस्पतीला लॅटिनमधील लांबलचक वाक्यच नाव म्हणून देत. लिनीअसने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोनच पदांचे नाव दिले. पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. आपल्याकडे आडनाव आधी आणि नाव मागून लिहिण्याची पद्धत आहे, तसाच हा प्रकार. वडाचे नाव 'फायकस बेंगालेन्सिस', पिंपळाचे 'फायकस रिलिजिओसा'. पहिले पद एक असल्याने दोघांचे नाते कळते आणि दुसरे पद वेगळे असल्याने भेदही कळतो.

याच १७५३ च्या ग्रंथात 'हिबिस्कस सुरत्तेन्सिस' हे नाव आले आहे. दुसऱ्या पदाचा अर्थ 'सुरतेची'. ही जास्वंदीच्या प्रजातीतील काटेरी, पसरत जाणारी वनस्पती. तिची फुले पिवळी असून मध्यभागी गडद असतात. पुढे १७६८ साली बुर्मान या डच शास्त्रज्ञाने एका पिवळ्या फुलांच्या झुडपाला 'कॅसिया सुरत्तेन्सिस' असे नाव दिले. भारतात कधीही पाऊल न ठेवलेल्या लिनीअसच्या पुस्तकात सुरतेचे नाव यावे, हा या बंदराच्या तत्कालीन कीर्तीचा पुरावा होय.

आता कोणी विचारील, की लोकांनी दिलेली नावे असताना लॅटिन नावांचा हा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर 'ब्राह्मी' या एका नावात आहे. ओल्या जागी वाढणाऱ्या दोन अगदी भिन्न वनस्पतींना आपल्या देशात ब्राह्मी म्हणतात. एकीची पाने लहान व मांसल. शास्त्रात ती 'बॅकोपा मोनिएरी'. दुसरीची पाने वाटोळी, मूत्रपिंडासारखी; ती 'सेंटेला एशियाटिका', जिला मंडूकपर्णीही म्हणतात. दोघींची कुले निराळी, अंगची द्रव्येही निराळी. वैद्याने एक लिहून द्यावी आणि दुकानदाराने दुसरी बांधून द्यावी, असा घोटाळा येथे सहज संभवतो. शास्त्रीय नाव हा घोटाळा थांबविते. त्यामागे पुरावा असतो. नव्या जातीचे नाव जाहीर करताना तिचा एक वाळविलेला मूळ नमुना संग्रहालयात जपून ठेवावा लागतो. पुढे वाद उपस्थित झाला, तर त्या नमुन्याशी ताडून निर्णय करता येतो. न्यायालयात मूळ दस्तऐवजाचे जे स्थान, तेच येथे या नमुन्याचे.

तथापि शास्त्रीय नावेही अढळ नसतात. बुर्मानचे ते 'कॅसिया' झुडूप आज 'सेना सुरत्तेन्सिस' म्हणून ओळखले जाते. १९८२ मध्ये आयर्विन आणि बार्नेबी या दोन अमेरिकी अभ्यासकांनी कॅसिया या अवाढव्य प्रजातीची नीट वाटणी केली. बहाव्याचे फूल हाती घेऊन पाहा. त्यात तीन पुंकेसरांचे तंतू इतरांहून पुष्कळ लांब आणि बाकदार दिसतील. हे लक्षण ज्यांच्यात आहे ते कॅसियात राहिले. ज्यांच्यात नाही, त्यांतील पुष्कळ जाती 'सेना' या प्रजातीत गेल्या. पावसाच्या पहिल्या सरींनंतर रस्त्याकडेला उगवणारा, ज्याच्या कोवळ्या पाल्याची आपल्या आयाबहिणी भाजी करतात तो टाकळा, म्हणजे गुजरातीतील कुंवाडियो, हाही 'सेना टोरा'. याचा अर्थ असा, की सुरतेचे नाव मिरविणाऱ्या त्या शोभेच्या झुडपाचा टाकळा हा भाऊबंद आहे. आज वनस्पतींतील आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून अशी नाती अधिक खात्रीने ठरविता येतात. तिच्यामुळेच आपली बाभूळ 'अकेशिया' न राहता 'व्हॅचेलिया निलोटिका' झाली. या बदलाला २००५ मध्ये व्हिएन्ना आणि २०११ मध्ये मेलबर्न येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदांत मान्यता मिळाली. या नामांतराला लहर समजू नये. वंशावळीत चूक आढळली की ती दुरुस्त करावी लागते, तसेच हे आहे.

येथे एक गमतीची गोष्ट सांगतो. 'सेना सुरत्तेन्सिस' नाव सुरतेचे लावत असली, तरी तिचे मूळ स्थान आग्नेय आशिया ते ऑस्ट्रेलिया या पट्ट्यात मानले जाते. नावावरून घर कळतेच असे नाही. म्हणून वर्गीकरणानंतरचा पुढला प्रश्न अधिवासाचा : ही वनस्पती मुळात कोठे राहते, आणि तेथेच का?

त्याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. सुरत-भुसावळ मार्गाने आपण गावी जातो, तो प्रवास म्हणजे अधिवासांचा उघडा ग्रंथच आहे. तापीच्या मुखाशी चिखलात तिवरे आहेत. गुजरातीत त्यांना चेर म्हणतात. भरतीच्या पाण्याने कोंडलेल्या चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची श्वसनमुळे खुंट्यांसारखी वर येतात, आणि शोषलेले जादा मीठ त्याची पाने बाहेर टाकतात. पुढे काळ्या जमिनीच्या सपाटीवर बाभूळ भेटते. व्यारा, सोनगड मागे पडता पडता साग, पळस आणि मोह यांचा मुलूख लागतो. येथील पाऊस चार महिन्यांचा असल्याने ही झाडे कोरड्या दिवसांत पाने गाळतात. पाण्याचा खर्च बेताने करण्याची ती रीत होय. खानदेशात आणखी आत गेले, की सातपुड्याच्या खडकाळ उतारावर अंजन आणि सालई. अंजनाचे पान आपट्यासारखे दिसते, पण नीट पाहिले तर आपट्याचे पान एकच असून मध्ये दुभंगलेले, आणि अंजनाच्या दोन पर्णिका पूर्ण सुट्या. तिवर सातपुड्यात जगणार नाही आणि अंजन डुमसच्या चिखलात जगणार नाही. प्रत्येकाने आपल्या घराप्रमाणे देह घडविला आहे.

ज्या वनस्पतीचे घर फार लहान असते, तिचे अस्तित्वही नाजूक असते. महाराष्ट्रातील शिंदळ माकुडी हे तिचे उदाहरण. डॅलझेल या वनाधिकाऱ्याने जुन्नर परिसरातील या वनस्पतीचे वर्णन १८६५ साली 'फ्रेरिया इंडिका' या नावाने प्रसिद्ध केले. सह्याद्रीतील मोजक्या कड्यांवर, खडकांच्या फटींत ती वाढते. महाराष्ट्राबाहेर तिला नैसर्गिक घर नाही. तिचेही शास्त्रीय नाव आता बदलले असून ती 'बाउसेरोशिया' प्रजातीत गणली जाते. पण नाव बदलल्याने वनस्पतीचे काही बिघडत नाही. कडा फोडला तर मात्र ती जाते.

हे सारे ज्ञान इंग्रजीतूनच मिळवावे लागते, हा समज खोडणारा पुरुष गुजरातेतच होऊन गेला. कच्छात जन्मलेले जयकृष्ण इंद्रजी (१८४९–१९२९) यांनी बरडा डोंगरातील वनस्पतींवर 'वनस्पतिशास्त्र' हा मोठा ग्रंथ १९१० साली गुजराती भाषेत प्रसिद्ध केला. त्यात शास्त्रीय नावांच्या जोडीला लोकांतील नावे आणि उपयोग येतात. रानातल्या माणसाचे शब्द शास्त्राच्या पंक्तीला बसविण्याचे हे काम होते. मराठी माणसांत मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८८४–१९६०) यांचे स्मरण होते. पहिल्या महायुद्धात जर्मनीत स्थानबद्ध होऊनही त्यांनी पुढे बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय वायव्य भारतातील शुष्क व खाऱ्या भूमीवरील वनस्पतींचा प्रसार हा होता. १९४६ साली पुण्यात ज्या संशोधनसंस्थेचा त्यांनी पाया घातला, ती आज त्यांच्याच नावाने चालते.

आता ज्यासाठी हा प्रपंच केला त्या मुद्द्याकडे येतो. शास्त्रीय नाव ग्रंथात आणि संग्रहालयात सुरक्षित आहे. अधिवासाच्या रक्षणासाठी, अपुरे का होईना, कायदे आहेत. लोकांच्या तोंडच्या नावाला मात्र कोणीही वाली नाही. घोळ, चिवळ, कुर्डू, केना, टाकळा ही नावे गावाहून आलेल्या पिढीच्या जिभेवर आहेत. तिच्या नातवंडांच्या लेखी हे सारे 'गवत' आहे. ज्याला नाव नाही ते दिसतही नाही, आणि जे दिसत नाही ते बुजविले गेले तरी कोणाला हळहळ वाटत नाही. एक आजी जाते तेव्हा तिच्यासोबत एक निघंटू जातो. तो कोणी उतरून घेतला नाही, तर तो पुन्हा कधीही मिळायचा नाही.

म्हणून माझी शाळेला आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. या पावसाळ्यापासून शाळेत एक वनस्पतिवही सुरू करावी. मुलांनी तलावाकाठी, मोकळ्या जागी, रेल्वेच्या बाजूला उगवणारी एकेक वनस्पती पाहावी. वहीत अहिराणी, मराठी, गुजराती नाव लिहावे. या वस्तीत उडिया आणि भोजपुरी बोलणारे शेजारीही आहेत, त्यांचा शब्द त्यांना विचारून घ्यावा. नाव कोणी सांगितले, सांगणाऱ्याचे गाव कोणते, तारीख, जागा, जमीन ओली की कोरडी, फुलाचा रंग, हेही लिहावे. रंग आवर्जून लिहावा, कारण वाळल्यावर तो उडतो. फुलासह एक फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून, कागद रोज बदलून वाळवावी आणि सुमारे ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवावी. मोठमोठ्या संग्रहालयांतही पद्धत हीच आहे. शास्त्रीय नाव ठरविण्यासाठी महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचे साहाय्य घ्यावे. दुर्मीळ दिसेल ते उपटू नये, त्याचे चित्र काढावे. आणि केवळ नाव लिहिले म्हणून कोणताही पाला औषध म्हणून खाऊ नये. ब्राह्मीची गोष्ट विसरू नये.

कोचीनच्या त्या तीन वैद्यांनी आपल्या भाषेत, आपल्या लिपीत साक्ष लिहिली, म्हणून सुमारे साडेतीनशे वर्षांनंतरही आपण त्यांची नावे घेतो. ज्याने त्यांच्याकडून ती लिहवून घेतली, तो आपल्याच शहराच्या मातीत विसावला आहे. डिंडोलीच्या मुलांची साक्ष अजून लिहायची आहे. पुढील वर्षी या व्यासपीठावर त्या वहीची पहिली पाने पाहायला मिळोत, इतकी इच्छा व्यक्त करतो.